दोन फुल्यांची साडी

१२ ऑक्टोबर २०२२, बुधवार

गीवर्गीस अच्चन आज सकाळीच आले. पाद्रीबुवा कारण नसताना चढण चढून कुणाकडे येत नाहीत. पायरीवर चपला काढताना दिसले तेव्हाच ओळखलं, काहीतरी माझ्या गळ्यात पडणार. काळी कॉफी पुढं ठेवली.

"एलिकुट्टी टीचर, अक्कम्मा चेडत्तींना हॉस्पिटलातून घरी आणलंय."

"पाहिलं. गाडी माझ्याच फाटकावरून वर गेली."

"डॉक्टरांनी हात टेकले."

"त्यांनी टेकले. मी काय करू?"

अच्चन कॉफी ढवळत बसले. तिच्यात साखर नव्हती, तरी ढवळत होते. मग म्हणाले, "तुम्ही तयारी ठेवावी, एवढंच."

म्हणजे भाषणाची तयारी. आमच्या चर्चमधली बाई गेली की घरून पेटी निघण्याआधी, चेहरा झाकण्याच्या अगोदर, महिला समाजाची चिटणीस दहा मिनिटं बोलते. मरण म्हणजे काय, अनंत जीवन म्हणजे काय, राहिलेल्यांनी धीर कसा धरावा. एकवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. शाळेत मल्याळम शिकवून निवृत्त झालेली बाई, आवाज खणखणीत, शिवाय रडत नाही. आसपासच्या तीन चर्चमधूनही बोलावणी येतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या जिवंतपणीच सांगून ठेवतात की माझ्या वेळेला टीचरच हवी.

मी अच्चनना स्पष्ट सांगितलं. अक्कम्मासाठी माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. ती माझी मोठी जाऊ असली तरी नाही. मोठी जाऊ आहे म्हणूनच नाही.

तेही जाणून आहेत. सगळं गाव जाणून आहे. २००३ साली माझा नवरा वर्की पेटीत होता आणि मी उशाशी उभी राहून रडत होते. आयुष्यात तेवढी एकदाच चारचौघांत रडले. तेव्हा ही बाई साऱ्या गावासमोर म्हणाली, "पुरे गं एली. जिवंत असताना यातली निम्मी माया केली असतीस, तर बिचारा आणखी दहा वर्षं जगला असता."

मयताचा व्हिडिओ काढला होता, त्यात आवाज स्वच्छ आला आहे. मी तो पुष्कळदा पाहिलाय. चित्रात ती माझा दंड घट्ट धरून उभी आहे, जशी काही मी पळून जाणार होते. पेटीचं झाकण बसेपर्यंत सोडला नाही. वर आणि बोलते.

त्या दिवसापासून एकोणीस वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. तिचं घर चढावर, माझं खाली नदीच्या अंगाला. मध्ये कमरेएवढी भिंत आणि तिला माणूस जाईल एवढी फट. पाच पावलांचं अंतर असेल.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

नकार दिला खरा, पण डोकं थांबेना. सवयीनं वही उघडून लिहायला बसले. "प्रिय भगिनींनो, मरण हे दार आहे. पलीकडे आपली माणसं आपली वाट पाहत आहेत." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा म्हटलं असेल. आज पहिल्यांदाच त्यावर विचार केला आणि पेन खाली ठेवलं.

पलीकडे अक्कम्माही असणार. माझ्याआधी जाऊन बसलेली. आणि अनंतकाळ म्हणजे शेवट नाही. इथं निदान मध्ये भिंत आहे. तिथं भिंत असते का? चूल एकच असते का? सासूबाईही तिथंच असणार. म्हणजे पुन्हा तेच, ही मोठी म्हणून आधी हिला वाढ, हिची बाजू खरी, धाकटीनं गप्प बसावं.

देवा, मी तुझ्याजवळ खोटं बोलणार नाही. अनंत जीवन असंच असेल तर मला नको. मला माती पुरे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

भिंतीच्या फटीतून लिस्सी आली. अक्कम्माची सून. तिचा नवरा साबू कुवेतला, ही दोन वर्षांपूर्वी सासूच्या आजारपणासाठी म्हणून परत आली. डोळे सुजलेले होते.

"कोच्चम्मा, अम्मच्ची तुम्हाला बोलावतायत."

"कशाला?"

"ते सांगत नाहीत. नुसतं विचारतात, एली आली का, एली आली का."

"एकोणीस वर्षं एली कुठं होती ते माहीत होतं ना तिला? बोलायचं असेल तर तिनं यावं. पाच पावलं आहेत."

"त्यांना कूस बदलता येत नाही, कोच्चम्मा."

मी विळीवर कप्प्याचे कंद सोलत होते, सोलत राहिले. ती गेल्यावर पाहिलं तर चौघांना पुरेल एवढा कंद सोलून झाला होता. मी घरात एकटी.

२० ऑक्टोबर, गुरुवार

महिला समाजातल्या सोसम्माकडे प्रार्थनासभा होती. बायकांनी आग्रह केला म्हणून साडीची साक्ष पुन्हा दिली. मन थाऱ्यावर नव्हतं, तरी ती साक्ष मला झोपेतही देता येईल.

सासऱ्यांनी दोन्ही मुलांची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात उरकली. पायलीचं अक्कम्माशी, वर्कीचं माझ्याशी. दोघींच्या मंत्रकोडीही कोट्टयमच्या एकाच दुकानातून आणल्या. सायीच्या रंगाचं रेशीम, बोटभर जरीचा काठ, दोन्ही हुबेहूब सारख्या. मंत्रकोडी आमच्यात दोनदाच अंगाला लागते. लग्नात नवरा ती डोक्यावर घालतो, आणि मेल्यावर पेटीत तीच अंगावर घालतात. मधली सगळी वर्षं ती ट्रंकेत असते. अदलाबदल नको म्हणून सासूबाईंनी पदराच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं खूण केली. मोठीच्या साडीला एक फुली, धाकटीच्या साडीला दोन.

२०१८च्या पुरात माझ्या घरात छपरापर्यंत पाणी चढलं. मी दहा दिवस शाळेतल्या छावणीत होते, मग माझा मुलगा रॉय मला बंगळूरला घेऊन गेला. दीड महिन्यानं परतले. पलंग, कपाट, फोटो, वर्कीची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झालेला. ट्रंक तेवढी जागेवर होती. उघडली तर आतली साडी कोरी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, डाग म्हणून नाही. दोन फुल्या जिथल्या तिथं. पाणी ट्रंकेच्या वर पुरुषभर होतं आणि आतली साडी कोरडी!

तिथंच गुडघे टेकले मी. तेव्हापासून प्रत्येक मयताला सांगते. "ज्यानं एका म्हातारीचं वस्त्र चिखलातून राखलं, तो तिचं शरीर कबरीतून राखणार नाही का?" या वाक्याला भलेभले पुरुष रुमाल काढतात. बिशपांनी ते एकदा आपल्या पत्रातही घातलं होतं.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण अक्कम्माच्या कधी आलं नाही. ती नेहमी शेवटच्या बाकावर बसायची, आणि तीन वर्षांपूर्वी अशीच मी साक्ष देत असताना तिकडून आवाज आला. पदर तोंडाशी धरून हसली ती. शेजारणीनं सारवासारव केली की ठसका लागला म्हणून. देवाच्या करणीला हसणारी बाई! त्या दिवसापासून तर माझा राग दुप्पट झाला.

२३ ऑक्टोबर, रविवार

अक्कम्मा गेली. चर्चमध्ये मिस्सा चालू असतानाच कुणीतरी येऊन अच्चनांच्या कानात सांगितलं.

मला काहीही वाटलं नाही. हे प्रामाणिकपणे लिहिते आहे. घरी येऊन पेज केली, ती खाल्ली नाही. भिंतीजवळ गेले आणि परत आले. मोजलं तर पाच नाही, अकरा पावलं आहेत.

बोलावलं तेव्हा गेले असते तर काय बोलली असती? माफी मागितली असती, दुसरं काय. मरताना सगळेच मागतात. मी बासष्ट बायकांच्या उशाशी बसले आहे, मला कुणी सांगायला नको.

२४ ऑक्टोबर, सोमवार

साबू यायचा म्हणून तिला काचेच्या फ्रीजरमध्ये ठेवलंय. बुधवारी माती. अच्चनांचा फोन आला. दुसरी कुणी बोलायला उभी राहत नाही, सगळ्या म्हणतात टीचरच हव्यात. मी हो म्हटलं. तिच्यासाठी नाही, चर्चसाठी. भाषणात तिचं नाव एकदाच घ्यायचं आणि बाकी साडीवर बोलायचं असं ठरवलं.

दुपारी लिस्सी आली. हातात कागदाचं पुडकं होतं. बसली नाही. टेबलावर पुडकं सोडलं आणि म्हणाली, "हे काय आहे, कोच्चम्मा?"

रेशमाची साडी. सायीचा रंग गेलेला, जागोजागी चिखलाचे तांबडे डाग, जर काळी पडलेली.

"मला काय विचारतेस? तुझ्या सासूच्या ट्रंकेतली दिसते."

"अम्मच्चींच्या ट्रंकेतच होती. पण अम्मच्चींची नाही. कोपरा बघा."

दोन फुल्या होत्या.

"आमच्या घरात पुराचं पाणी शिरलंच नाही," लिस्सी म्हणाली. "मग अम्मच्चींच्या साडीला चिखल कुठून लागला? पूर ओसरल्यावर तुमचं सगळं सामान आमच्या पडवीत वाळत होतं. अम्मच्चींनी स्वतः मला फोनवर सांगितलं होतं. ट्रंकसुद्धा वरच होती."

"माझं सामान तरुण संघाच्या मुलांनी साफ केलं."

"मुलांनी भिंती धुतल्या. सामान म्हातारीनं एकटीनं वर नेलं. आणि तुम्ही तिचीच साडी पळवलीत! चांगली ती घेतलीत आणि तुमची कुजकी तिच्या ट्रंकेत सारलीत. वर गावभर चमत्कार सांगत फिरलात!"

"पोरी, तोंड सांभाळ. मी कुणाच्या मुलीला चोर म्हटलेलं नाही आणि कुणाकडून ऐकूनही घेणार नाही."

"मग आणा तुमची साडी. दाखवा."

मी तिला दार दाखवलं. ती पुडकं उचलून गेली. लगेच ट्रंक उघडून बघायला काय हरकत होती? पण हात गेला नाही. मला शंका आहे असं झालं असतं ते. मला शंका नाही.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

उघडली. साडी जागेवर, दोन फुल्या जागेवर. लिस्सीला बोलावून तिच्या तोंडावर फेकणार होते. तेवढ्यात खिडकीशी नेऊन जाड चष्म्यानं पाहिली.

पहिली फुली सासूबाईंच्या हातची आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, दोरा विटून तपकिरी झालेला. दुसरीचा दोरा अजून लालभडक आहे. फुली मोठी, तिरकी, मागं गाठीचा नुसता गुंता. दर वर्षी उन्हात घालते, पण लांबून दोन लाल ठिपके दिसले की पुरे, जवळून कोण बघतो?

असा गुंता करणारी बाई या कुटुंबात एकच होती. सासूबाई म्हणायच्या, अक्कम्माच्या हातात सुई द्यायची म्हणजे कापडाची हत्या. तिच्याही नातवंडांची बटणं मीच लावून दिली, भांडणाआधी.

चोरटी! माझी साडी घेतली आणि आपली माझ्या ट्रंकेत घुसवली. वर खोटी खूणही केली. मेल्यावरही मला गाठलंच तिनं.

(संध्याकाळी)

वरच्या तीन ओळी खोडणार होते. राहू देते.

चोर चांगली वस्तू नेतो आणि वाईट ठेवून जातो. हिनं उलट केलंय. घाईत अदलाबदल झाली म्हणावं, तर घाईत कुणी सुईत दोरा ओवत नाही. तिला तर दिवसाउजेडी ओवता यायचा नाही. किती वेळ बसली असेल त्या एका फुलीसाठी?

आणि मग चार वर्षं शेवटच्या बाकावर बसून माझा चमत्कार ऐकला. एकदाही बोलली नाही. "एली, मूर्खासारखं बोलू नकोस, ती साडी माझी आहे," एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मी साऱ्या पंचक्रोशीत तोंड दाखवण्यालायक राहिले नसते. हे तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. जिभेला हाड नसलेली बाई, माझ्या नवऱ्याच्या पेटीसमोर गप्प बसली नाही, आणि इथं बसली.

मला तिचा फार राग येतोय. असं कुणी करतं का? न विचारता?

उद्या दहा मिनिटं बोलायचं आहे. साडीची गोष्ट वगळून दुसरं काही बोलता येईल. लिस्सीच्या ओरडण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ती सून आहे आणि मी टीचर. नवी साडी त्यांनी आणलीच असणार. ट्रंकेत कुणी डोकावणार नाही. माझ्यानंतर रॉय हीच माझ्या अंगावर घालेल. कुणालाही कळणार नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कात्रीच्या टोकानं दुसरी फुली उसवली. अर्धा तास गेला, इतक्या गाठी मारल्या होत्या तिनं.

साडी घेऊन फटीतून वर गेले. एकोणीस वर्षांनी. मांडवात दोनशे माणूस होतं. पेटीत अक्कम्मा दुकानातल्या नव्या साडीत होती, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. लिस्सी पुढं झाली. मी तिच्या हातात कोपरा दिला.

"एक फुली आहे. मोजून घे."

तिनं बघितलं. दोघींनी मिळून नवी साडी काढली आणि ही घातली. तिचीच होती, नीट बसली.

मग अच्चननी मला खूण केली. वही पिशवीत होती, काढली नाही. जे बोलले ते आठवतं तसं लिहिते.

"तुम्ही चार वर्षं माझ्याकडून ऐकलंत की देवानं माझी मंत्रकोडी पुरातून राखली. ते खोटं आहे. मला ठाऊक नव्हतं, काल ठाऊक झालं. माझी साडी चिखलात कुजली. ही अक्कम्माची होती. तिनं ती माझ्या ट्रंकेत ठेवली, माझ्या खुणेची फुली घातली, आणि माझी सडकी आपल्यासाठी ठेवून घेतली. मी तुमच्यापुढं बढाया मारत होते तेव्हा ही शेवटच्या बाकावर बसून ऐकत होती. नऊ दिवसांपूर्वी तिनं मला बोलावलं. मी गेले नाही.

"मी बासष्ट मयतांना सांगितलं की पुनरुत्थान आहे. सांगत होते कारण ते माझं काम होतं. आज सांगते, ते असायलाच हवं. मला या बाईला गाठायचं आहे. इथून ती निसटली."

एवढंच. दोन मिनिटंही झाली नसतील. कुणी रुमाल काढला नाही. सोसम्मा शेजारणीच्या कानाला लागली होती.

शेवटचं चुंबन घ्यायला वाकले. फ्रीजरमुळे कपाळ दगडासारखं थंड होतं. मग काय झालं कळलं नाही, मला रडू आलं, मोठ्यानं, वर्कीच्या वेळेसारखं. कुणीतरी दंड धरला. लिस्सी होती.

"पुरे, कोच्चम्मा," ती माझ्या कानाशी म्हणाली, पण मागच्या रांगेपर्यंत गेलं असणार. "जिवंत असताना अकरा पावलं चालला असतात तर? सहा दिवस दाराकडे बघत होत्या त्या."

झाकण बसेपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही.

तिनं अकराच म्हटलं. म्हणजे तिनंही मोजली होती.

२ डिसेंबर, शुक्रवार

आज एक्केचाळिसावा दिवस. वर जेवण होतं. मला बोलावणं आलं, पण सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं. गेले, एका टोकाला बसले, भात खाल्ला, आले. लिस्सीनं भाजी वाढली, नजर वर केली नाही. निघताना तेच कागदाचं पुडकं माझ्या हातात दिलं आणि "तुमचं तुम्ही ठेवा," म्हणाली.

महिला समाजानं सोसम्माला चिटणीस केलंय. गेल्या आठवड्यातल्या मयताला ती बोलली. "प्रिय भगिनींनो, मरण हे दार आहे." माझंच वाक्य, आणि उच्चार चुकीचे. बिशपांच्या कार्यालयातून एक पत्र आलंय, अजून फोडलेलं नाही.

घरी येऊन साडी उन्हात पसरली. मला वाटलं होतं अक्कम्मानं ती नुसती ट्रंकेत कोंबली असेल. तसं नाही. डागाडागावर रिठ्यानं चोळल्याच्या खुणा आहेत, काही जागी रेशीम पार विरलंय. किती वेळा धुतली असेल देव जाणे. निघाला नाही चिखल. हीच आपल्या अंगावर येणार हे ठाऊक असून पुन्हा घडी घालून ठेवली.

रॉयला फोन केला. "माझ्या वेळेला ट्रंकेतली डागांची साडीच घालायची. नवी आणलीस तर उठून बसेन."

"अम्मा, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणून झालंय."

माफी मागायची नाही मला तिची. तिनंही वर्कीच्या पेटीपुढं जे म्हटलं त्याची मागितलेली नाही. वर गेल्यावर ते भांडण आहेच, निवांत होईल, तिथं वेळेला तोटा नाही. मला त्याआधी एकच विचारायचं आहे. त्या दिवशी शेवटच्या बाकावर, तोंडाला पदर लावून, ती हसली की तिला खरंच ठसका लागला होता? ते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मातीत पडून राहणार नाही.